एका बोटाएवढं तोंड

ये गं सुरेखा, अशी जवळ ये. तिकडं नको, इथं माझ्या उजव्या हाताला बस. डाव्या बाजूला जबड्याखाली अजून टाक्याचा व्रण आहे आणि तिकडून कुणी बघितलेलं मला आवडत नाही. आणि आधी तो गालावरचा हात काढ. मला काय दिसत नाही का? परवा बारशाला तू घुगऱ्या एकाच बाजूनं चघळत होतीस. चहा फुंकून फुंकून गार केलास आणि मग तसाच ठेवून दिलास. विचारलं तर म्हणे, "काही नाही गं आत्या, जरा ठणकतंय." जरा ठणकतंय! मेडिकलमधून गोळ्यांची पट्टी आणायची, पर्समध्ये टाकायची, ठणकलं की एक गिळायची, असं किती महिने चाललंय? तुझ्या बापाला मी अजून सांगितलेलं नाही, पण सांगायला मला वेळ लागत नाही, तुला माहीत आहे.

आता तू म्हणशील, आत्या, तू भोसरीत, मी रहाटणीत, जवळ कुठली बसू? अगं, वाचणारं माणूस लिहिणाऱ्याच्या जवळच बसलेलं असतं. मी शाळेत गेले ती नावापुरती. अक्षरं लागली ती लग्न होऊन इकडं आल्यावर, बसच्या पाट्या आणि दुकानांचे बोर्ड वाचून वाचून. म्हणून बोलते तसंच लिहिते. चुकलं तर सोडून दे. पण वाचून झालं की तुझ्या जावेला आणि शेजारणींनाही वाचून दाखव. माझ्या अक्कलदाढेचं जे झालं ते कुणाचं होऊ नये, आणि झालंच तर तिला असं वाटू नये की जगात आपण एकटीच अशी कोंडून पडलोय.

दात घासणं

आधी एक सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी मिश्री लावायचे. तुला काय सांगायचं, तूही लावतेस. पण दुसरं कुणी वाचत असेल तर त्याच्यासाठी. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, कापडातून गाळायची आणि डबीत भरायची. सकाळी उठलं की बोटावर घेऊन दातांना, हिरड्यांना चोळायची. आमच्या बीडकडं आई लावायची, आजी लावायची, इथं चाळीत आले तर सातारच्या, सोलापूरच्या बायकाही लावत होत्या.

सकाळची मिश्री पोटासाठी आणि दुपारची गप्पांसाठी. भांडी झाली, पुरुष कंपनीत, पोरं शाळेत, की आम्ही सगळ्या जिन्याच्या पायऱ्यांवर. एकीची डबी सगळ्यांत फिरायची. तोंडात बोट घालून बोललेलं बाहेरच्याला एक अक्षर कळत नाही, आम्हाला सगळं कळतं. नवरा, सून, गुडघे, पाण्याची वेळ, सगळं तिथं बोलून थुंकून मोकळं व्हायचं आणि मग उठून पीठ मळायला लागायचं. माझी डबी पितळेची, घट्ट झाकणाची. ती कमरेला नसली की मला उघडं उघडं वाटायचं.

दाढ काढली

दाढ खालची, डावीकडची. अर्धी हिरडीत आडवी झोपलेली आणि उरलेली किडलेली. या वयात अक्कलदाढ काढायची म्हटल्यावर तुझे मामा, म्हणजे आमचे हे, हसले. "आत्ता कुठं जरा अक्कल यायला लागली होती, ती पण काढून टाकतीस व्हय?" हे अजून भोसरीत एका लहान वर्कशॉपमध्ये लेथ मशीनवर उभे राहतात. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, म्हणून गुरुवार धरला. दवाखाना पिंपळे गुरवला, आमच्या कल्याणीनं, म्हणजे सुनेनं, शोधून काढलेला.

डॉक्टरबाई कल्याणीपेक्षाही लहान. हातावर घड्याळ, केसांचा एवढासा अंबाडा. बीपी विचारलं, शुगर विचारली, आणि मग म्हणाली, "मावशी, तंबाखू खाता का?"

"छे!" मी म्हटलं. "शिवतसुद्धा नाही."

हे शेजारीच उभे होते. हेही छातीठोकपणे म्हणाले, "तिला कसलं म्हणून व्यसन नाही, डॉक्टर."

सुरेखा, आम्ही दोघंही खोटं बोलत नव्हतो गं. हेच तर सांगायचंय मला. आमच्या डोक्यात तंबाखू खातात ते पुरुष. हातावर चुना लावून मळतात, गालात धरतात, भिंती रंगवतात. बाईचं ते दात घासणं. स्वतःच्या हातानं तव्यावर तंबाखू भाजते, सगळ्या चाळीला ठसका लागतो, आणि तरी तंबाखू म्हटल्यावर मला माझी डबी आठवली नाही. तुला तरी आठवली असती का?

दाढ निघाली. दुखलं नाही, नुसता कडकड आवाज आला डोक्यात, जुनं लाकूड फोडावं तसा. बाईंनी सांगितलं, आज थुंकू नका, चूळ भरू नका, गार खा, आईस्क्रीम खा. मला आईस्क्रीम मिळालं म्हणून नात चिऊ माझ्यावर रुसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोकं धरलं. पोट साफ होईना. जीव नुसता तडफडायला लागला. मग मी जरा मिश्री लावली. दाढेच्या जागी नाही हं, पुढच्याच दातांना. बोट काय तिथल्या तिथं राहतं होय? आणि मग खळखळून चूळ भरली. दात घासल्यावर चूळ भरू नको तर काय करू?

जांभई

त्यानंतर जे दुखायला लागलं ते दाढेत दुखत नव्हतं. कानात दुखत होतं, कपाळात, मानेत. तोंडाला असा वास की चिऊ पांघरुणातून उठून आजोबांकडं जाऊन झोपली. बाईंकडं गेलो. त्या म्हणाल्या, जखमेवर रक्ताची गाठ धरायला हवी होती, ती निघून गेलीय, हाड उघडं पडलंय. त्यांनी लवंगेच्या वासाचं औषध भरलं. काय सांगू, दहा मिनिटांत स्वर्ग. घरी आले, झोपले, सकाळी उठले, आणि सवयीनं बोट डबीत गेलं.

असं तीनदा झालं. त्या औषध भरायच्या, मी सकाळी धुवून काढायचे. त्या बिचाऱ्या चक्रावल्या. "मावशी, सांगितलंय ते सगळं करताय ना?"

"करतेय की गं बाई."

मग एक सकाळ अशी आली की मला जांभई आली आणि ती अर्ध्यातच अडली. नीट सांगते, कारण हे कुणी सांगितलं नव्हतं मला. दुखून अडली नाही. नुसती थांबली, आतून कुणी कडी घातल्यासारखी. मी जोर लावला, कडी निघेना. आरशात बघितलं तर गाल भाकरीसारखा फुगलेला आणि दातांमध्ये फट केवढी, तर करंगळीचं टोक जाईल एवढी. मी ह्यांना हाक मारायला गेले आणि तोंडातून नुसता "हं हं" असा आवाज आला. हे दाढी करत होते. म्हणाले, "आज सकाळीच नाराज?"

तसंच दवाखान्यात गेलो. बाईंनी तोंडाशी बोटं उभी धरून दाखवली. "अशी तीन बोटं जायला पाहिजेत, मावशी. तुमचं एकही नीट जात नाही." मग गळ्याखाली चाचपलं आणि त्यांचा चेहरा बदलला. मी आयुष्यभर लोकांचे चेहरेच वाचत आलेय, अक्षरं नंतर शिकले. त्या ह्यांच्याकडं वळून हळू बोलल्या, पण मी ऐकलं. सूज गळ्याकडं उतरतेय, श्वासाला अडेल, आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात न्या.

रिक्षात बसल्यावर मला एकच भीती वाटत होती, आणि ती मरणाची नव्हती. मला मळमळत होतं. उलटी आली तर ती जाणार कुठून? तोंड तर बंद. पूर्ण रस्ताभर मी नाकानं श्वास घेत खिडकीच्या गजासारखी ह्यांची मनगटं धरून बसले होते. उलटी आली नाही. पण ती भीती अजून कधी कधी स्वप्नात येते.

वॉर्ड

मोठ्या दवाखान्यात जबड्याखाली चीर देऊन नळी घातली, घाण काढली. जागा बधिर केली होती, पण मी जागी होते. त्याबद्दल एवढंच लिहिते की डोळे मिटून मी चाळीतल्या सगळ्यांची नावं क्रमानं घेत होते, खालच्या मजल्यापासून वरपर्यंत, आणि वरच्या शेवटच्या खोलीपर्यंत पोचायच्या आत झालं. ताप उतरला. श्वासाची काळजी मिटली. तोंड मात्र उघडलं नाही.

वॉर्डातले डॉक्टर म्हणाले, स्नायू आखडलेत, हळूहळू सुटतील.

"आणि न्हाई सुटले तर?" ह्यांनी विचारलं.

"तर पूर्ण भूल देऊन उघडावं लागेल. आणि मग कायमचं थोडं कमीच राहील." जरा थांबून पुढं म्हणाले, "आत गालाला एक पांढरा चट्टा असावा असं वाटतंय. तोंड उघडल्याशिवाय मला नीट बघता येत नाही."

तो शब्द कुणी उच्चारला नाही. पण वॉर्डात आलेल्या बायकांनी एकमेकींकडं बघितलं ना, तेव्हा मला तो ऐकू आला. म्हणजे तोंड उघडलं तरच कळणार की आत काय आहे, आणि तोंड उघडत नाही. माझ्याच तोंडात काय आहे ते मलाच बघता येत नव्हतं. यापेक्षा वाईट कोंडणं मला माहीत नाही.

त्यात मी अशी बोलकी! चिऊची जादूची पाटी आणून दिली होती, लिहायचं आणि दांडी ओढली की पुसलं जायचं. पण भेटायला आलेली माणसं पाटी वाचायला थांबत नाहीत. मी एक ओळ लिहीपर्यंत त्यांचे दोन विषय होऊन जातात. आणि गंमत म्हणजे माझं तोंड बंद म्हटल्यावर लोक माझ्याशी मोठ्यानं बोलायचे, मी बहिरी असल्यासारखं. एक बाई तर माझ्याच पायाशी बसून माझ्याच दुखण्याची चर्चा करून गेली, "ह्यांच्या वयाला आता काय उघडतंय." मला काय काय म्हणायचं होतं! ते सगळं अजून आत आहे. ती भेटू दे एकदा.

खिडकीतून रस्ता दिसायचा. शिफ्ट सुटली की कंपन्यांच्या बसेस ओळीनं जायच्या, चाकणकडच्या. त्यातल्याच एकीत आमचा मुलगा विकास असायचा. दवाखान्यासमोर बस हळू झाली की तो खिडकीतून हात बाहेर काढायचा आणि मी हात हलवायचे. ओव्हरटाइम चालू होता, रजा मिळत नव्हती. आलाच तर उभ्या उभ्या यायचा आणि कल्याणीशी जिन्यात भांडून जायचा. ती म्हणायची, सगळं माझ्यावरच आहे, तो म्हणायचा, मग मी काय मजा करतोय काय. भिंत पातळ होती. मला ऐकू यायचं. दोघांचंही बरोबर होतं. मी मध्ये पडले असते तर मिटलं असतं, आजवर मीच मिटवत आले. पण मध्ये पडायला तोंड लागतं.

डबी

मिश्री सुटून बरेच दिवस झाले होते. सुटली कुठली, मिळत नव्हती म्हणून थांबली होती. झोप लागायची नाही, नर्सवर राग यायचा. एका दुपारी हे बसले होते. मी उजव्या हाताचं बोट दातांवरून फिरवून दाखवलं आणि ह्यांच्याकडं बघितलं. चाळीस वर्षांच्या संसारात हे मोजकंच बोललेत, पण माझा इशारा कधी चुकला नाही त्यांचा.

दुसऱ्या दिवशी हे आले. रुमालाची गाठ सोडली. आत डबी.

"घे," हळूच म्हणाले. "तुझी तडफड बघवत न्हाई. एवढीशीच लाव. कुणी बघत न्हाई."

मी पुढच्या दातांना लावली. सुरेखा, खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहिते, त्या क्षणी मला देव भेटला.

संध्याकाळी डॉक्टर तपासायला आले. त्यांच्याबरोबर पिंपळे गुरवच्या डॉक्टरबाई होत्या. एवढ्या लांब मला बघायला आल्या होत्या. त्यांनी ओठ जरा बाजूला केला आणि थांबल्या. मग माझा उजवा हात हातात घेतला. मला वाटलं, मायेनं घेतला. त्यांनी तर्जनी उलटी करून बघितली. टोक काळपट, नखाच्या कडेला काळी रेघ. बरीच वर्षं तशीच आहे ती.

"मावशी, हे काय आहे?"

मी पाटीवर लिहिलं, "मिश्री."

"दाढ काढल्यापासून लावताय?"

"रोज नाही."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. कॉटच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, "माझी आजीपण लावायची. मी तंबाखू विचारलं, मिश्री विचारायला हवी होती. आता सगळ्यांना तसंच विचारेन." मग म्हणाल्या, "पण आता तुम्हाला सांगते. हे चालू राहिलं तर जखम भरणार नाही, आणि जखम भरली नाही तर जबडा सुटणार नाही."

एवढ्यात कल्याणी डबा घेऊन आली. तिनं उशीखालची पितळेची चकाकी बघितली आणि काय झालं ते तिला सांगावं लागलं नाही.

"बाबा, तुम्ही आणलीत?"

ह्यांनी रुमाल खिशात कोंबला.

"मी दोन तास रजा टाकून पेज करून आणते. चमच्या चमच्यानं आईंच्या तोंडात घालते. आणि तुम्ही तिथंच तंबाखू घालता? तुम्हाला त्या हव्यात की नकोत?"

"तोंड सांभाळून बोल."

"एकीचं सांभाळतेच आहे, बाबा, महिना होत आला!"

सगळा वॉर्ड बघायला लागला. ह्यांची मान खाली. हा माणूस आयुष्यात कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात, आणि आज सुनेकडून भर वॉर्डात ऐकून घेत होता, ते माझ्यामुळं. आणि ती पोर रडत होती, तीही माझ्यामुळं. मी पाटीवर लिहिलं आणि वर धरलं. कुणी बघेना. हात हलवला, बघेनात. घशातून आवाज काढला तर तो कुत्र्यासारखा निघाला. मी दोघांच्या मध्ये होते, आणि तरी कुठंच नव्हते.

तेव्हा मी ती पाटी कॉटच्या लोखंडी दांडीवर आपटली. एकदा, दोनदा. चिऊच्या पाटीचा कोपरा उडाला. दोघंही माझ्याकडं वळली. मी पाटी कल्याणीच्या डोळ्यांपुढं धरली. त्यावर होतं, "मी मागितली."

मग उशीखालून डबी काढली आणि ह्यांच्या हातात नाही, तिच्या हातात दिली. बोटं सुटत नव्हती गं माझी. तिनं एकेक करून सोडवली.

बोंडलं

आता जरा हसण्यासारखं. चिऊ तान्ही होती तेव्हा मी गावाकडून तान्ह्याला दूध पाजायचं, चोचीच्या वाटीसारखं चांदीचं बोंडलं आणलं होतं. कल्याणी म्हणाली, आई, ह्यानं पाजायचं नाही, डॉक्टर नको म्हणतात, चमच्यानंच पाजायचं. मी पंधरा दिवस तिच्याशी अबोला धरला होता. बोंडलं कपाटात काळं पडलं.

माझं तोंड बंद झाल्यावर स्ट्रॉनं ओढायचं नाही म्हणून सांगितलेलं. चमच्यानं निम्मं पदरावर. तर डबीचं भांडण झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी कल्याणी ते बोंडलं घासून, उकळून घेऊन आली. डावीकडं नको म्हणून उजव्या गालातून मागं, शेवटच्या दाताच्या पलीकडं जी जागा असते ना, तिथून त्याची चोच घातली आणि थेंब थेंब पेज सोडली.

"आ करा," म्हणाली आणि स्वतःच हसली. "बरं, नका करू."

आमची शेजारीण रेहानाभाभी, तिच्या नवऱ्याचं कोपऱ्यावर गाड्यांचं गॅरेज आहे, तीही रोज काहीतरी पातळ करून पाठवायची. कधी मसूरचं पाणी, कधी दुधीचं. चिऊला शाळेतून आणून जेवू घालायची तीच. एकदा आली आणि बोंडलं बघून म्हणाली, "आक्का, सासूला सुनेनं बोंडल्यानं पाजलेलं मी पहिल्यांदाच बघतेय. नजर नको लागायला." आणि खरंच तिनं कॉटभोवती हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

मला हसू आलं. हसताना जबडा दुखला. पण दुखला तो हलला म्हणून, हे मला जरा वेळानं कळलं.

काड्या

घरी सोडलं तेव्हा आईस्क्रीमच्या चपट्या काड्यांचं बंडल दिलं. दातांमध्ये एकावर एक रचून घालायच्या, तशाच धरून बसायचं, आणि सुटलं तसं मध्ये एक आणखी सरकवायची. ऐकायला खेळ वाटतो. डोळ्यांतून पाणी येतं. कडेला लाळ गळते. मी आरशासमोर बसायचे आणि मला माझीच लाज वाटायची.

काड्यांच्या कडा ओठाला लागायच्या. ह्यांनी वर्कशॉपमधून पॉलिश पेपर आणला आणि एकेक काडी घासून गुळगुळीत केली. आणि सकाळी माझ्यासमोर बसून बोलायला लागले. हे! माझ्या तोंडात काड्या, मला बोलता येईना, म्हणून त्यांना बोलावं लागलं. लेथवर पहिल्यांदा उभे राहिले तेव्हा लोखंडाची तापलेली चिप उडून भुवई कशी भाजली, मालकाच्या बापानं त्यांना कशी शिवी दिली, गावाकडची विहीर. मला त्यातलं निम्मं माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी एकटीच बोलत होते, त्यांना जागा कुठं होती?

कधी कधी काडी आठवडाभर पुढं सरकायची नाही. तेव्हा मी काड्या फेकून द्यायचे. कल्याणी गोळा करून, धुवून परत आणून ठेवायची. काही बोलायची नाही, तेच जास्त लागायचं.

मग एकदा डॉक्टरांनी टॉर्च घेतला आणि म्हणाले, "आ." आणि मी आ केला. पूर्ण नाही, दोन बोटं आणि वर थोडं. टॉर्च आत गेला. ते बराच वेळ बघत होते. ह्यांनी माझ्या पदराचं टोक धरलं होतं, लहान मूल धरतं तसं. डॉक्टर म्हणाले, दाढेची जखम भरलीय. पांढरा चट्टा आहे, पण भिण्यासारखा दिसत नाही. मिश्री परत लागली नाही तर तो फिकट होईल, लागली तर सांगता येत नाही. दर काही महिन्यांनी दाखवायला या.

बाहेर येऊन हे पायरीवर बसले आणि रडले. मी म्हटलं, "उठा. मला भूक लागलीय." त्या दिवशी दुधात कुस्करलेली भाकरी खाल्ली. कधी काळी मीच चिऊला तसा घास भरवायचे.

दुपार

आता तीन बोटं जात नाहीत, अडीच जातात. तेवढ्यात भाकरी जाते, हाक जाते, भांडणही जातं. मोठी जांभई आली की अजून भीती वाटते, हात आपोआप जबड्याखाली जातो.

पण एक गोष्ट सांगते, ती दवाखान्यात कुणी सांगत नाही. जबडा सुटला आणि मी दुसरीकडं अडकले. दुपारी भांडी झाली की जिन्यावरून आवाज येतात. डबीचं झाकण उघडल्याचा आवाज येतो. कुणीतरी ओरडतं, "आक्का, या की खाली! नका लावू, नुसत्या बसा!" बिचाऱ्या मायेनं बोलावतात. एकदा गेले. वास आला आणि माझं बोट पदराखाली आपोआप हिरडी शोधायला निघालं. तशीच उठून वर आले. तेव्हापासून दार लावून बसते. सगळ्या खाली, मी वर. दवाखान्यात तोंड बंद होतं पण माणसं होती. आता तोंड उघडं आहे आणि बोलायला कुणी नाही. कल्याणी कामावर, हे लेथवर, चिऊ शाळेत. तो एवढा तास काही केल्या सरत नाही.

म्हणून म्हणते, सुरेखा, तू ये. संध्याकाळी नको, रविवारी नको. दुपारी ये, भांडी झाल्यावर, मुद्दाम त्याच वेळेला. रहाटणीहून भोसरी काही फार लांब नाही, आणि तुझ्या दाढेची तारीख आपण पिंपळे गुरवच्या बाईंकडून घेऊ, मी येईन बरोबर. येताना तुझी डबी लपवून घरी ठेवू नकोस, घेऊन ये. माझ्या डबीत आता ह्यांचे बारीक स्क्रू असतात, कपाटावर ठेवलीय. हे ती हलवून स्क्रू शोधतात तेव्हा खुळखुळ वाजते आणि माझा हात अजूनही कमरेला जातो. तुझीही तिच्याशेजारी ठेवू. तेवढा तास दोघींनी मिळून दार उघडं टाकून बसू. ये गं लवकर.